जॉबराचा अंमल

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी भांडवलाची जमवाजमव, विलायती यंत्रांची आयात, चीनच्या बाजारपेठेतील चढउतार आणि संपांच्या तारखा यांची नोंद तपशीलवार केली आहे. परंतु ज्या इसमाच्या मर्जीवर गिरणगावातील हजारो चुली पेटत अगर विझत असत, त्याच्या वाट्याला या ग्रंथांतून दोन-चार परिच्छेदांहून अधिक जागा क्वचितच आलेली आहे. गिरणीचा मालक कामगाराला वर्षानुवर्षे दृष्टीस पडत नसे, लँकेशायरहून आलेल्या मास्तराची भाषा त्याला कळत नसे, आणि कंपनीचे दप्तर ज्या इंग्रजीत लिहिले जाई ती लिपी त्याच्यासाठी बंद दरवाजासारखी होती. त्याला रोज भेटे, दरडावी, कामावर घेई आणि कामावरून काढी तो जॉबर. मालकशाहीचे प्रत्यक्ष रूप म्हणून कामगाराने जे काही पाहिले ते या माणसाच्या चेहऱ्यात पाहिले. आणि म्हणूनच वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाची आणि पक्षपाताची हकीकत आपल्या देशाच्या औद्योगिक इतिहासात शोधावयाची झाल्यास ती गिरणीच्या फाटकापासूनच सुरू करावी लागते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेव येथे ती सुरू झाली. पुढील तीन दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, डिलाईल रोड या भागांत धुराडी उभी राहिली आणि रत्नागिरी, सातारा, अहमदनगर, पुणे अशा जिल्ह्यांतून माणसांचा ओघ शहराकडे लागला. हा कामकरी वर्ग पूर्णपणे शहरवासी झालेला नव्हता. पेरणीला, शिमग्याला, गणपतीला, घरच्या आजारपणाला तो गावी जाई, कधी वेळेवर परते, कधी महिना-दोन महिने परतत नसे. यंत्र मात्र कोणासाठी थांबत नाही. सकाळचा भोंगा झाला की प्रत्येक साच्यापुढे, म्हणजे मागापुढे, आणि प्रत्येक चात्यांच्या रांगेपुढे माणूस उभा असलाच पाहिजे. ही रोजची भरती करण्याची जबाबदारी घेण्यास व्यवस्थापक तयार नव्हते, कारण त्यांना माणसे ओळखू येत नव्हती आणि ओळखून घेण्याची त्यांना इच्छाही नव्हती. तेव्हा कामगारांतूनच वर चढलेल्या, यंत्राची नस जाणणाऱ्या आणि गावाकडे भाऊबंदांचा गोतावळा असणाऱ्या माणसाच्या हाती त्यांनी हे काम सोपविले. माणसे आणणे, त्यांना शिकविणे, त्यांच्यावर देखरेख करणे, यंत्र बिघडल्यास दुरुस्त करणे, शिक्षा करणे आणि शेवटी त्यांना काढून टाकणे, असे पाटील, कुलकर्णी आणि फौजदार यांचे अधिकार जणू एकाच वतनात गोळा व्हावेत, तसे सर्व अधिकार जॉबराच्या ठायी एकवटले.

या अधिकाराला कोणतीही सनद नव्हती, आणि त्याची खरी धार तेथेच होती. जे लिहिलेले नाही त्याच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. नोकरी लागताना जॉबराला दस्तुरी, म्हणजे ठरलेली लाच, द्यावी लागे. गावाहून परतल्यावर जुनी जागा परत मिळावी म्हणून पुन्हा द्यावी लागे. आणि पुष्कळ ठिकाणी पगाराच्या दिवशी तिचा हप्ता ठरलेला असे. पगार महिन्याचा महिन्याला मिळे, तोही महिना संपल्यानंतर काही आठवडे उलटल्यावर. मधल्या काळात पोट भरण्यासाठी कर्ज काढावे लागे, आणि कर्ज देणारा किंवा सावकारापुढे जामीन राहणारा बहुधा जॉबरच असे. ज्या चाळीत खोली मिळाली ती त्याच्या शब्दावर, ज्या खानावळीत जेवण मिळे ती त्याच्या ओळखीची, ज्या तालमीत संध्याकाळी अंग मोकळे करावयाचे तिचा आश्रयदाताही पुष्कळदा तोच. गिरणीतील वैर गिरणीपुरते राहत नसे. ते चाळीच्या जिन्यापर्यंत मागोमाग येई.

ज्याने दस्तुरी देणे नाकारले, किंवा ज्याच्याकडे जॉबराची वाकडी नजर वळली, त्याला एकदम बडतर्फ करण्याची गरज नसे. विणकराची मजुरी कामाच्या मापावर असे. त्याला निकृष्ट सूत दिले की धागा वारंवार तुटे, साचा थांबे, कापड कमी निघे आणि पगाराच्या दिवशी हाती येणारी रक्कम आपोआप घटे. कापडात दोष निघाला तर ते कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची वहिवाट होती. उशिरा आल्याबद्दल दंड, साफसफाई न केल्याबद्दल दंड, उद्धटपणाबद्दल दंड. आणि उद्धटपणा म्हणजे काय हे ठरविणारा तोच. ज्याला छळावयाचे आहे त्याला असे थोडे थोडे झिजवून, त्याने स्वतः होऊन जागा सोडावी अशा अवस्थेला आणता येई, आणि दप्तरात त्याची कोठेही नोंद होत नसे. मास्तराकडे फिर्याद न्यावी म्हटले तर दुभाष्याचे काम जॉबरच करणार. फिर्यादीची वाट आणि छळाची वाट ही एकच होती.

तथापि जॉबर म्हणजे केवळ एक क्रूर मनुष्य अशी समजूत करून घेतली तर या व्यवस्थेचे मर्म हाती लागणार नाही. तो त्याच गावचा, त्याच भावकीचा असे. परक्या शहरात पहिल्या रात्री ज्याने आसरा दिला, मुलीच्या लग्नाला ज्याने उसने पैसे दिले, तो हाच माणूस. वरून त्याच्यावर मास्तराचा धाक असे. माणसे पुरेशी जमली नाहीत तर त्याची स्वतःची जागा धोक्यात येई. संपाच्या वेळी कधी तो मालकांच्या बाजूने माणसे फोडी, तर कधी आपली माणसे घेऊन स्वतःच बाहेर पडे. उपकार आणि जुलूम एकाच हाताने होत असल्यामुळे त्या हाताविरुद्ध बोट उचलणे कामगाराला कृतघ्नपणाचे वाटे. आपल्यावर अन्याय होतो आहे हे त्याला कळत नव्हते असे नाही. परंतु तो अन्याय उच्चारण्यासाठी लागणारे अंतर त्याच्यापाशी नव्हते, हे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत दुःखद सत्य वाटते.

१८८४ साली सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी जो अर्ज तयार केला, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि अपघातात जायबंदी झालेल्याची तजवीज, अशा त्यातील मागण्या होत्या. लोखंडे स्वतः गिरणीत भांडारपाल म्हणून राहिलेले. जॉबराची सत्ता त्यांनी जवळून पाहिली असणारच. तरीही या पाच मागण्यांत तिचा उल्लेख नाही. घड्याळाचे आणि पगाराचे गाऱ्हाणे मालकापुढे मांडता येत होते. ज्याच्या हाताखाली दुसऱ्या दिवशी उभे राहावयाचे त्याचे नाव अर्जात घालणे निराळे. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली होती आणि तीत दोन कामकरी स्त्रियांनी भाषणे केली होती, ही गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण स्त्रियांवरील अंमल हा या व्यवस्थेचा सर्वांत अंधारा कोपरा होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्यांचे काम मुख्यत्वे सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्यात आणि रिळे भरण्याच्या रीलिंग खात्यात चाले, आणि या खात्यांवर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत. वरकरणी पाहता स्त्रियांवर स्त्रीच नेमणे ही व्यवस्था त्यांच्या संरक्षणासाठी होती. प्रत्यक्षात नायकीण ही जॉबराच्याच सत्तेची एक शाखा होती. कामावर घेण्यासाठी तिला दस्तुरी द्यावी लागे, सणावाराला लुगडे-चोळी किंवा घरचे जिन्नस पोचवावे लागत, आणि जिच्यावर तिची खप्पा मर्जी झाली तिला तुटक सूत मिळे किंवा एखाद्या सकाळी फाटकातूनच परत पाठविले जाई. वाइंडिंगची मजुरी वजनावर होती. त्यामुळे सूत वाटणारी आणि वजन मान्य करणारी व्यक्ती हीच मजुरी ठरविणारी व्यक्ती झाली. शिवाय या स्त्रियांत विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, ज्यांच्या घरातील कर्ता पुरुष आजारी पडला होता अशा, यांची संख्या मोठी होती. ज्यांच्या पाठीशी कोणी नाही अशांवरच हा अंमल अधिक निर्धास्तपणे चाले.

याहून वाईट गोष्टींचा उल्लेख त्या काळचे चौकशी अहवाल आडवळणाने करतात. नोकरीच्या मोबदल्यात मागितल्या जाणाऱ्या गोष्टी पैशापुरत्या नव्हत्या, हे त्या सूचक शब्दांआडून स्पष्ट दिसते. परंतु सुशिक्षित साक्षीदारांचा रोख पाहिला म्हणजे मन विषण्ण होते. गिरणीत काम करणाऱ्या बाईच्या शीलाविषयी त्यांना काळजी होती, शंका होती, कधी तिरस्कारही होता; जॉबराच्या शीलाची चौकशी मात्र कोणी तितक्या तळमळीने केली नाही. ज्या बाईने तक्रार केली असती तिला नोकरी आणि अब्रू ही दोन्ही एकदम गमवावी लागली असती. म्हणून त्या बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या मौनाचा अर्थ पुष्कळांनी संमती असा लावला.

अस्पृश्य गणल्या गेलेल्या कामगारांची स्थिती वेगळ्या प्रकारे बिकट होती. गिरणीत त्यांना प्रवेश होता. सूतकताईच्या खात्यात, जेथे मजुरी कमी आणि धूळ अधिक, तेथे ते मोठ्या संख्येने काम करीत. विणकाम खात्याचे दार मात्र त्यांना बंद होते, आणि गिरणीतील चांगली मजुरी त्याच खात्यात होती. याचे कारण असे सांगत की, धोट्यातील कांडी संपली म्हणजे नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावे लागे. एका साच्यावरचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, आणि तेणेकरून विटाळ होणार. धोटा तोंडाने ओढण्याची ही रीत आरोग्याच्या दृष्टीने सर्वांनाच अपायकारक होती. पण ती रीत बदलावी असे न वाटता तिच्या आधाराने माणसे दूर ठेवावी असेच सर्वांना वाटले. गिरणीत पाण्याचे माठही वेगळे असत. हा निर्बंध कोणत्याही मालकाने लेखी फर्मान काढून घातलेला नव्हता. भरती जॉबराच्या हाती, जॉबर सवर्ण, आणि त्याच्या मागे त्याच खात्यातील विणकरांचा दबाव. असा हा निर्बंध कामगारांनीच कामगारांवर लादलेला होता, आणि मालकाला तो मोडण्यात काही नफा दिसत नसल्यामुळे तो चालू राहिला.

२६ एप्रिल १९२८ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. मालकांनी काटकसरीच्या नावाखाली दोन साच्यांऐवजी तीन साचे एका विणकराच्या गळ्यात घालण्याचा आणि हात कमी करण्याचा जो क्रम आरंभिला होता त्याविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सहा महिन्यांच्या आतबाहेर, गिरणगावातील धुराडी थंड राहिली. ना. म. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, र. शि. निंबकर, शां. स. मिरजकर, के. नी. जोगळेकर अशा भिन्न मतांच्या पुढाऱ्यांनी संयुक्त संपसमिती बनवून सतरा मागण्या पुढे केल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडचा सत्याग्रह नुकताच करून आलेले होते. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना सरळ विचारले की, विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव आहे त्याविषयी तुमच्या मागण्यांत एक शब्दही का नाही? सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मागणीत समाविष्ट झाल्याखेरीज आपल्या लोकांनी संपात राहू नये असे आपण सांगू, असा त्यांनी इशारा दिला. पुढाऱ्यांनी ती मागणी घातली, परंतु मन लावून घातली नाही. आणि ती मालकांपुढे गेली तेव्हा या अन्यायाची जबाबदारी आपली नाही, असे उत्तर मालकांकडून आले.

ते उत्तर धूर्तपणाचे होते, परंतु अर्धे खरे होते, आणि त्या अर्ध्या सत्याने त्या काळच्या कामगार चळवळीला निरुत्तर केले ही गोष्ट कबूल केली पाहिजे. भरतीचा अधिकार जॉबराला देऊन मालक मोकळे झाले होते. पक्षपात झाला तर तो जॉबराचा, आणि जॉबर म्हणजे कामगारांपैकीच एक. वर्गाच्या एकजुटीचे तत्त्व सांगणाऱ्या पुढाऱ्यांनी त्याच एकजुटीतील ही भेग वेळीच बुजविली असती, तर १९२९ साली दुसरा संप पुकारला गेला तेव्हा आंबेडकरांना आपल्या अनुयायांना कामावर जाण्याचा सल्ला द्यावा लागला नसता, असे माझे मत आहे.

१९२८ चा संप मिटला तो उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्याच्या अटीवर. त्या समितीचा अहवाल मार्च १९२९ मध्ये आला आणि त्याच महिन्यात डांगे, निंबकर, मिरजकर प्रभृती मीरतच्या कम्युनिस्ट कटाच्या खटल्यात पकडले गेले, त्यामुळे त्या अहवालाची चर्चा व्हावी तशी झाली नाही. तरी त्यात एक गोष्ट महत्त्वाची होती. कामगाराला कोणत्या कारणासाठी काढता येईल, त्याला किती दिवसांची सूचना मिळेल, दंड कोण करील आणि कशासाठी करील, अशा प्रश्नांची स्थायी नियमांच्या रूपाने तपासणी होऊन ती कागदावर आली. संपानंतरच्या काही महिन्यांत गिरणी कामगार युनियनने खात्याखात्यांत ज्या गिरणी समित्या उभ्या केल्या, त्यांनीही जॉबरापुढे न जाता थेट मास्तरापुढे गाऱ्हाणे नेण्याची प्रथा पाडण्याचा यत्न केला. मालकांना ती उद्दामपणाची वाटली; पण जॉबराच्या हातून काही निसटत आहे हे प्रथम त्या वेळी फाटकावर उभ्या असणाऱ्या माणसांना दिसले.

१९२९ साली जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील श्रमविषयक शाही आयोग नेमला गेला. त्यावर बहिष्कार घालावा की नाही या प्रश्नावरून नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस दुभंगली, आणि आयोगाचे सभासद असलेले ना. म. जोशी आपल्या अनुयायांसह बाहेर पडले. आयोगात बेरिल पॉवर या एकच स्त्री सभासद होत्या. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने जॉबराच्या सत्तेचे वर्णन विनासंकोच केले आणि तिच्यावर थेट उपाय सुचविला: कामावर घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबराकडून पूर्णपणे काढून घ्यावा आणि व्यवस्थापकाच्या थेट हाताखाली कामगार अधिकारी नेमून तो त्याच्याकडे द्यावा. स्त्रियांच्या बाबतीत नायकिणीचा पगडा मोडण्यासाठी, जेथे स्त्रिया पुष्कळ आहेत तेथे निदान एक सुशिक्षित बाई त्यांच्या देखरेखीसाठी आणि हितासाठी नेमावी असे सांगितले.

या शिफारशी अंमलात आल्या त्या हळूहळू, आणि त्याही संपांच्या भीतीने. मुंबई प्रांताच्या १९३४ च्या एका कायद्याने सरकारी कामगार अधिकारी नेमला गेला, गिरणीमालक संघानेही आपले अधिकारी नेमले, आणि १९३५ साली बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजापुरत्या घेतल्या जाणाऱ्या, कामगारांच्या भरतीवर नियंत्रण आणण्याची योजना सुरू झाली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक बदली कामगारांना कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी हजर राहावयाचे, आणि रिकाम्या जागा कार्डधारकांतूनच भरावयाच्या, असा तो साधा नियम. कार्ड देण्यातही जॉबराची शिफारस पुढे चालतच राहिली, हे नाकारता येत नाही. तरीसुद्धा ज्याच्या हाती कार्ड आले त्याच्या हाती प्रथमच एक लेखी पुरावा आला. आज मला का परत पाठविले, असे विचारण्याला त्याच्या खिशात आधार होता. १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा सर्व हिंदुस्थानासाठी झाला आणि बडतर्फीपूर्वी आरोप सांगणे व उत्तराची संधी देणे हा नियमाचा भाग बनला.

त्याआधीच आंबेडकरांनी अस्पृश्यांविरुद्धच्या पक्षपाताचा प्रश्न गिरण्यांच्या बाहेर नेला होता. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे तेथील प्रतिपादन पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच भाषणात त्यांनी नोकरीतील पक्षपाताचा जो तपशील दिला तो मला अधिक मोलाचा वाटतो. अस्पृश्य मनुष्य रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच जन्म घालवतो. त्याला हमालाची जागासुद्धा मिळत नाही, कारण हमालाने स्टेशनमास्तरच्या घरी कामे करावीत अशी अपेक्षा असते, आणि सवर्ण स्टेशनमास्तरला त्याचा स्पर्श चालत नाही. कारखान्यांत कसबी जागांवर आणि मिस्त्रीच्या हुद्द्यावर त्याला चढू दिले जात नाही. रेल्वेच्या नियमांत यातले काहीही लिहिलेले नव्हते. गिरणीत धोट्याने जे काम केले तेच येथे स्टेशनमास्तरच्या घरातील पाण्याच्या हंड्याने केले. वरिष्ठाच्या खाजगी सोयीसाठी कनिष्ठाची सार्वजनिक नोकरी अडवून धरली जाते, हे इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी आपल्याकडे कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

स्त्रियांना मात्र या सुधारणांचा लाभ पुरा मिळाला नाही. मुंबई कायदेमंडळात रा. स. आसवले यांनी आणलेल्या आणि १९२८ साली आंबेडकरांनी हिरीरीने पाठिंबा दिलेल्या विधेयकातून १९२९ चा प्रसूती लाभ कायदा झाला. त्याच्या लाभासाठी ठरावीक मुदतीची सलग नोकरी आवश्यक होती, आणि त्या मुदतीत खाडा पडला की नाही हे ज्यांच्या शब्दावर ठरावयाचे त्या खात्यात तीच नायकीण बसलेली होती. स्त्री कामगार महाग पडते अशी मालकांची समजूत त्या कायद्यामुळे दृढ झाली. रात्रपाळीत स्त्रियांना कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई असल्याने दोन पाळ्यांच्या गिरणीत त्यांची अडचण वाटू लागली. वेगवान यंत्रे आली तशी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतील माणसे कमी करण्यात आली, आणि कमी करताना प्रथम स्त्रियांकडेच बोट गेले. कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत गाऱ्हाणे लिहून घेण्याची वही ठेवली गेली तोपर्यंत त्या खात्यांतील पुष्कळ बायकांना गिरणीबाहेर काढण्यात आले होते. १९२० च्या दशकात पाचांत एक असणारे त्यांचे प्रमाण स्वातंत्र्यानंतरच्या दशकात त्याच्या निम्म्याच्या आसपास आले आणि पुढे घसरतच गेले. परळ-लालबागच्या चाळींतून त्या खानावळी चालवू लागल्या, मसाले कुटू लागल्या, भाजी विकू लागल्या, आणि त्या कामांना कोणताही स्थायी आदेश लागू नव्हता.